पांढऱ्या पायाची रंभाबाई

मला एक सांगा, मांजर आडवं गेलं की तुम्ही थांबता की नाही? थांबता. खोटं बोलू नका. शिकलेले लोकसुद्धा मोबाईल बघितल्यासारखं करून क्षणभर थांबतात, मी बघितलंय. आणि तेच तुम्ही कुणाच्या मयताला गेलात की मान हलवून म्हणता, "जे लिहिलेलं असतं ते चुकत नाही." आधीच लिहून झालंय तर मांजराला कशाला भ्यायचं? आणि मांजरामुळे काही बदलत असेल तर ते लिहिलेलं कसलं? ही दोन्ही वाक्यं एका तोंडात कशी राहतात, हे मी पालघरच्या एका वकिलाला विचारलं, तो हसला. आमच्या गल्लीतल्या भटजींना विचारलं, ते चिडले. रंभाबाईला मी कधी विचारलंच नाही. तिनं ते कंपनीच्या गेटवर, भर रस्त्यात, स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

रंभाबाई मूळची जत तालुक्यातली. नवरा आनंदा इकडे अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वेल्डरच्या हाताखाली आला. बांधकाम संपलं, गावी परत जाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दोघं बोईसरलाच राहिली, खैरापाड्याच्या चाळीत, एका खोलीत. आनंदा शनिवारी मारुतीला तेल घालताना म्हणणार, "आपल्या हातात काय हाय? वरच्यानं समदं ठरवून ठेवलंय." आणि देवळातून निघाला की सरळ आकडा लावायला. रंभाबाई त्याला म्हणायची, "वरच्यानं ठरवलंय न्हवं? मग त्यालाच इचार की आज कुठला आकडा येनार त्यो." आनंदा म्हणायचा, "तसं नसतंय ते." कसं असतं, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ती ठेकेदाराकडून पॅकिंगला होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पॅकिंग म्हणजे पावडर पिशवीत भरायची, तोंड शिवायचं, थप्पी लावायची. या कामाला बायकाच घेतात, कारण बायका उलट बोलत नाहीत असा ठेकेदारांचा समज आहे. रंभाबाईच्या बाबतीत तो साफ चुकला होता.

तिच्या शेजारी जमुना बसायची. वारली, मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची. भात निघालं की जमुना, तिचा नवरा जिवल्या आणि पोरगी सपना बोईसरला कामाला यायची, पाऊस तोंडावर आला की परत. दोघी अगदी उलट्या. रंभाबाईला दिवसातून एकदा कुणाशी तरी भांडल्याशिवाय जेवण जात नसे, आणि जमुना मिळेल ते हसून घ्यायची.

त्या दिवशी चहा बिनसाखरेचा आला. जमुना म्हणाली, "जाऊ दे न बाय. गरम हाय, बरा हाय." रंभाबाई कप घेऊन उठली आणि कॅन्टीनवर गेली.

"ए बाबा, तुझ्या घरात सुतक हाय का रं?"

"साखर खतम, मावशी."

"आमचीच बरी खतम झाली? मॅनेजरच्या चहातली न्हाई व्हय झाली?"

एवढं बोलणं झालं आणि मागं रिअॅक्टर फुटला.

रिअॅक्टर म्हणजे मोठा बंद हंडा, त्यात केमिकल शिजतं. आतली वाफ फार वाढली तर बाहेर पडावी म्हणून त्यावर सेफ्टी व्हॉल्व असतो, कुकरच्या शिट्टीसारखा. तिथला व्हॉल्व सारखा उडायचा, माल वाया जायचा, म्हणून तो तारेनं आवळून ठेवलेला होता. कुणी सांगितलं, कुणी बांधला, ते केसमध्ये ठरेल. कुकरची शिट्टी बांधून गॅस चालू ठेवला तर काय होतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मधली भिंत पॅकिंगच्या बाजूला पडली. जमुना भिंतीखाली गेली. रंभाबाई कॅन्टीनच्या दारात उभी होती आणि तिच्या हातात कपाचा नुसता कान उरला होता.

संध्याकाळपर्यंत बोईसरनं निकाल लावून टाकला. जमुनाच्या नशिबात होतं. रंभाबाईचं नशीब बलवत्तर. शब्द बघा, एकच. मेली तरी नशीब, वाचली तरी नशीब. पहिल्या नशिबाचा अर्थ ठरलेलं, दुसऱ्याचा अर्थ ध्यानीमनी नसताना लागलेला मटका, आणि आपण दोन्ही एका डब्यात कोंबून वर एकच लेबल लावतो. हा डबा कंपन्यांना फार सोयीचा पडतो, कारण त्यात तारेला जागाच उरत नाही. माझं विचाराल तर रंभाबाईला भांडणानं वाचवलं. पण हे ऐकायला वेळ कुणाला होता? सगळ्यांना नशीबवान बाई बघायची होती.

पहिला आला सुजित, रिक्षावाला, त्याच चाळीतला.

"मावशी, नवी रिक्षा काढलीय. पयली सवारी तुमची."

"भाडं कोन देनार?"

"भाडं काय घेऊन बसलात, मी तुमाला ब्लाउजपीस देतो."

"मग नवापूरपातूर घे. दर्या बघून लई दिवस झालं."

नवापूरच्या किनाऱ्यावर सुजितनं बढाई मारली, ही ती स्फोटातनं वाचलेली बाई. झालं. एका कोळणीनं तिला दंडाला धरून होडीकडे नेलं आणि नव्या इंजिनाला तिच्या हातून हळदकुंकू लावून घेतलं. परत येताना पिशवीत बोंबील. मग दहावीची पोरं यायला लागली, परीक्षेचं पेन तिच्या हातात देऊन परत घ्यायला. कुणी दुकान उघडतंय, कुणी मुलगी बघायला चाललंय, आधी रंभाबाईचं तोंड बघून जाणार. आनंदा तर ती दुपारी लवंडली की उशाशी बसून राहायचा, झोपेत एखादा आकडा बरळते का म्हणून.

तिला हे आवडत होतं. का आवडू नये? उभ्या जन्मात तिला बसायला कुणी खुर्ची दिली नव्हती. माझं मात्र डोकं फिरायचं. मी कामगारांच्या मीटिंगा घेणारी बाई; एकदा तिच्या दारात जाऊन म्हटलं, "रंभाबाई, तू देवी व्हायला निघालीस का?"

"व्हायला काय जातंय?" ती म्हणाली. "तुझ्या मीटिंगला कुत्रं येत न्हाई ताई, माझ्याकडं रिक्षा येत्यात."

मी चहा पिऊन परत आले.

कंपनी काही महिने बंद राहिली. मग चालू होणार अशी हवा सुटली. कामगारांनी, कधी नाही ते, एक गोष्ट एकमतानं ठरवली: नवा व्हॉल्व बसलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेडमध्ये कुणी पाय ठेवायचा नाही. ठेकेदार धर्मेश म्हणत होता की व्हॉल्व मागवलाय, रस्त्यात हाय, तोवर जुनाच नीट करून चालवू. धर्मेश मनानं वाईट नाही असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. पण त्याला माणसं कळतात. सगळ्यांच्या घरी चूल अर्धीच पेटत होती, भाडं थकलेलं, कुणीतरी एकानं पाऊल टाकलं की बाकीचे माना खाली घालून मागोमाग येणार, हे त्यानं ओळखलं होतं. फक्त तो एक कोण, एवढाच प्रश्न. तो साडी आणि मिठाईचा पुडा घेऊन खैरापाड्याला आला.

"मावशी, कंपनी चालू करायचीय. गेटवर पूजा ठेवलीय. नारळ तुझ्या हातनं, आणि शेडमध्ये पयलं पाऊल तुझं. तुझा पायगुण सगळ्यांना म्हायती हाय. तू गेलीस की पब्लिकची भीती जाईल."

रंभाबाई हो म्हणाली. जरीकाठाची साडी होती. मी तिच्याशी बोलणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी जिवल्या आला, बरोबर सपना. जिवल्या आत येऊन भिंतीला टेकून बसला. सपना उंबऱ्याबाहेर उभी.

"बाय," जिवल्या म्हणाला, "ठेकेदारानी सांगितलाय, सपनाला आईची जागा देतो. मी हो सांगितला. तू पुढं चालशील त पोरीला तुज्या पाठीच ठेव."

आईची जागा. म्हणजे तीच शेड, तीच भिंत नव्यानं बांधलेली, आणि पलीकडे तसाच हंडा, तोच व्हॉल्व. रंभाबाईनं पोरीकडे बघितलं.

"भाईर का उभी? आत ये की गं."

"नको. तुमच्याकडं लोक चांगल्या कामाला येतात."

"मग?"

सपना खाली बघत म्हणाली, "पॅकिंगच्या बायका सांगतात माजी आई पांढऱ्या पायाची होती. ती पाड्यावरून परत आली म्हणून हंडा फुटला. माज्या बाजूला कोणी बसणार नाय सांगतात."

पांढऱ्या पायाची. जिच्या येण्यानं बसलेली घडी मोडते, ती. पुरुष कधी पांढऱ्या पायाचा असल्याचं ऐकलंय तुम्ही? मी नाही ऐकलं. व्हॉल्वला तार बांधणाऱ्याचे पाय कुठल्या रंगाचे होते, हेही कुणी विचारलं नाही.

मी तिथं नव्हते. हे सगळं मला सपनानं सांगितलं. रंभाबाईनं पाय पुढं पसरले आणि साडी घोट्याच्या वर घेतली.

पॅकिंगच्या बायकांना बूट देत नाहीत. चपलेतच काम. ती पावडर रोज पायावर बसते, घामात भिजते आणि हळूहळू कातडीचा रंग खाऊन टाकते. रंभाबाईचे पाय घोट्यापर्यंत कोड आल्यासारखे पडलेत, बोटांच्या बेचक्यांत तर दुधासारखे.

"ह्यो कुठला रंग?"

"पांढरा," सपना म्हणाली.

"तुझ्या आईचं पाय कसलं व्हतं?"

"असेच."

"मग मी कशी काय गं लक्ष्मी झाले?"

जिवल्यानं विचारलं, "मंग तू नाय जाणार पूजेला?"

"जानार की. साडी घेतलीय त्याची, फुकट कशी ठेवू?"

पूजेच्या सकाळी मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर होते. एमआयडीसीचा तो नेहमीचा वास, ट्रकांची रांग, आणि गेटला झेंडूची तोरणं. आत मॅनेजर कपाळाला टिळा लावून उभा, गेटपाशी भटजी माईक घेऊन. कामगार सगळे रस्त्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकाच्या पिशवीत डबा होता. ते बघूनच मी समजले की आज हे जाणार. डबा घेऊन आलेला माणूस परत जायला आलेला नसतो.

रंभाबाई आली ती धर्मेशची साडी नेसूनच आली, पण भातलावणीला उतरल्यासारखी गुडघ्यापर्यंत खोचून, आणि चपला हातात. मॅनेजरसाठी मांडलेली प्लास्टिकची खुर्ची तिनं ओढून बरोबर गेटच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली.

धर्मेश धावत आला. "मावशी, साडी सोड जरा खाली. फोटो काढायचाय."

"पायाचा काढ. पायगुन पायजे न्हवं तुला?"

त्यानं बघितलं. रस्त्याच्या अलीकडून सगळ्यांनीच बघितलं.

"हे काय झालंय?"

"तुझी पावडर हाय. वळख न्हाई व्हय लागत?"

"मावशी, मस्करी नको. मुहूर्त जाईल. नारळ घे."

"घेते. आदी सांग, व्हॉल्व आला?"

"रस्त्यात हाय."

"लांबचा रस्ता दिसतोय. चंद्रावरनं येतोय काय?"

टपरीवर कुणीतरी फिसकन हसलं. धर्मेश खाली वाकला, आवाज मऊ केला. पण माईक चालूच होता, भटजींच्या हातात.

"अगं मावशी, व्हॉल्वनं काय होतंय? नशिबात असतं तेच होतं. जमुनाच्या नशिबात होतं, ती गेली. तुझ्या नव्हतं, तू बसलीयस समोर. सगळं लिवलेलं असतं."

"समदं?"

"समदं."

"मग माझा पाय कशाला पायजे? लिवलेलं माझ्या पायानं पुसतंय व्हय?"

आता मात्र हसू उघड फुटलं. पण धर्मेश हार जाणारा नव्हता. तो जे बोलला ते मी त्याच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा करते.

"तुझा पायगुणपण लिवलेलाच हाय, मावशी," तो म्हणाला. "तू नशीबवान व्हावीस, हे तुझ्या पाचवीला सटवाईनंच लिवलं. नशीब लागणं हेसुद्धा नशिबातच असावं लागतं."

खरं सांगते, मला वाटलं हा जिंकला. ठरलेलं आणि अचानक लागलेलं, दोन्ही त्यानं एका गाठीत बांधून टाकलं होतं. मांजराला थांबणंही लिहिलेलं, पुढं जाणंही लिहिलेलं, आता बोला. रस्त्यावरचे दोघेतिघे पिशव्या उचलायला लागले.

रंभाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आसंल," ती म्हणाली. "मी न्हाई म्हनत न्हाई. माझ्या आईनं पाचवी पुजलीया माझी. मग आज मी आत जायाचं का न्हाई, तेबी सटवाईनंच लिवलं आसंल की?"

"हां. तेच सांगतोय मी."

तिनं कपाळावरचे केस मागं सारले आणि कपाळ त्याच्यापुढं केलं.

"मग वाच. 'जाऊ नगं' लिवलंय."

मॅनेजर आतून ओरडला, "क्या बोल रही है ये?"

टपरीवरून कुणीतरी तेवढ्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "साहब, बोल रही है लिखा हुआ है!"

मग जो हशा झाला, तो त्या स्फोटानंतर त्या रस्त्यावरचा पहिला हशा असावा. धर्मेशचा तोल गेला. "ऊठ तिथनं! पांढऱ्या पायाची कुठली!" माईकवरून ते सगळ्या एमआयडीसीला ऐकू गेलं.

रंभाबाई खुर्चीवरून उठली. तिला दुखलं होतं, मला दिसलं.

"आता बरोबर बोललास. आमी समद्याच. आनि ऐक धर्मेशशेठ, सटवाई कपाळावर लिवती. व्हॉल्वला तार बांधाया ती शिडी लावून चढली न्हवती."

एवढं बोलून ती खाली, रस्त्यावरच बसली, पाय पुढं करून.

सगळ्या बायका धावत तिच्याकडे गेल्या असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. चौघी गेल्या. चपला काढून तिच्या शेजारी ओळीनं पाय पसरून बसल्या, कुणाचे घोट्यापर्यंत पांढरे, कुणाची नुसती बोटं. एक बाई सरळ आत गेली. घरी तान्हं पोर आहे तिच्या, मी तिला शब्दानं बोलणार नाही. पाच-सहा पुरुषही गेले, तोंड चुकवून. बाकीच्यांनी पिशव्या परत खाली ठेवल्या. शेवटी सपना आली आणि ओळीच्या टोकाला बसली. जिच्या बाजूला कुणी बसणार नव्हतं, तिच्या शेजारच्या बाईनं जरा सरकून तिला जागा केली. सपनाचे पाय तेवढे सावळे होते, भाताच्या चिखलात वाढलेले, धडधाकट. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच राग आला. आईची जागा म्हणून हे पाय मागत होते ते लोक.

नारळ तसाच राहिला. आत गेलेल्या माणसांत प्लांट चालणं शक्य नव्हतं. आणि गंमत बघा, रस्त्यात असलेला व्हॉल्व आठवड्याच्या आत पोचला. कामगारांच्या मुकादमाला आत नेऊन दाखवला, मग लोक कामावर गेले. बूट अजून आलेले नाहीत. रंभाबाईला परत घेतलं नाही, गेटवर तिचा फोटो लावलाय, हिला आत सोडू नये म्हणून. चाळीत आता तिच्याकडे कुणी पेन घेऊन येत नाही. तिला त्याचं वाईट वाटतं. मोठी वीरांगना म्हणून ती मिरवत नाही. ती सकाळी पास्थळला दोन घरची भांडी करते आणि आनंदाशी भांडते.

मी तिला नंतर विचारलं, "खरंच मानतेस का तू, लिहिलेलं असतं म्हणून?"

"मानते की. पर त्ये कळतंय कवा? हून गेल्यावर. तवर काय मी हात बांधून बसू? तूबी ताई काय इचारतीस."

सपनानं आईची जागा घेतली नाही. आईच्या मरणाच्या केसमध्ये ती उभी राहिली आहे. कंपनीचं म्हणणं असं की व्हॉल्व ठीक होता, तार वगैरे काही नव्हती, घडलं ते दैवाधीन. तारेचे तुकडे तर ढिगाऱ्याबरोबर केव्हाच गेले. ज्यांनी ती बघितली होती ते कामगार कुणी वापीला गेले, कुणी सिल्वासाला, कुणी गावी. पुढच्या महिन्यात पालघरला तारीख आहे. रंभाबाई सांगणार आहे, पण ती पॅकिंगची. शिडी चढून व्हॉल्वजवळ ती कधी गेली नव्हती, हे कंपनीचा वकील पहिल्याच प्रश्नात काढील. आम्हाला तो हंडा चालवणारा माणूस हवा आहे.

तेव्हा तुम्ही त्या शेडमध्ये कामाला होता का? किंवा होता अशा कुणाला ओळखता का? घाबरत असाल तर घाबरत या, भाड्याचं आम्ही बघू, जेवण रंभाबाईच्या घरी. फक्त एकदा पालघरला येऊन, सपनाच्या समोर, तोंडानं सांगा की तार होती.